ओबिएरोच्या अंगणातला पाय

माझ्या नणंदेला शिव्या द्यायला समोर माणूस लागत नसे. संध्याकाळी ती आपल्या झोपडीच्या दारात बसायची, गुडघ्याखाली तोडलेला डावा पाय समोर ठेवायची आणि खाडीच्या पलीकडे तोंड करून सुरू व्हायची. “सोड मेल्या माझी बोटं. अंगठा मुडपून ठेवलायस तो आधी सरळ कर. बायको नांदवता आली नाही, आता पाय नांदवतोयस होय?”

पलीकडे ओबिएरोचं गाव. ओबिएरो म्हणजे तिने सोडलेला नवरा. त्याला यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं. ऐकू यायचं ते मला, कारण माझी चूल तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, मध्ये फक्त शेराचं कुंपण. आणि ऐकू यायचं माझ्या नवऱ्याला, ओग्वेनोला. तो होडीच्या फळ्या तासत बसलेला असायचा. ती सुरू झाली की त्याचा रंधा थांबायचा, आणि ती गप्प झाली की पुन्हा चालू व्हायचा. बहिणीशी त्याचं बोलणं बंद होतं. खरं म्हणजे तिचं त्याच्याशी बंद होतं. तो बिचारा बोलायला तयारच होता.

पेरेस तिचं नाव. माझ्या नवऱ्याहून मोठी, त्याला पाठीवर घेऊन वाढवलेली. मी तिला वन्सं म्हणायचे. ती मला न्यासेमे म्हणायची, कारण मी सेमेकडची, आणि आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारतात. बाईला तिचं माहेर आयुष्यभर चिकटवायचं आणि तिथे परत मात्र येऊ द्यायचं नाही, अशी आमची रीत आहे. मी कधी कुणाला विचारायला गेले नाही की असं का. पण वन्सं परत आल्या होत्या. ओबिएरोने त्यांच्या कमाईची जाळी दुसऱ्या बायकोला देऊन टाकली, विचारलं तर वल्ह्याने मारलं. दुसऱ्या दिवशी डोक्यावर एक घमेलं घेऊन त्या खाडीच्या काठाकाठाने चालत निघाल्या, त्या थेट आमच्या कुंपणाशी येऊन थांबल्या. नवऱ्याकडून आलेल्या बहिणीची झोपडी कुंपणाच्या आत बांधत नाहीत, म्हणून ओग्वेनोने ती बाहेर बांधली, पण अगदी कुंपणाला खेटून. आणि शेराच्या दोन झुडपांमध्ये एक वाट कापून दिली. आगुटूकाका, म्हणजे आमच्या सासऱ्यांचे भाऊ, ते बघून महिनाभर कुरकुरत होते.

वन्सं ओमेना विकायच्या. बोटाएवढे चंदेरी मासे, जाळ्यावर पसरून उन्हात वाळवायचे. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. त्यांच्याशी भाव करायला गिऱ्हाईक घाबरायचं. साखरेचा आजार झाल्याचं त्यांना दवाखान्यात सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “मी चहात साखर घालत नाही, तर अंगात कुठून येईल?” आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. मग एकदा मोठ्या माशाच्या पाठीचा काटा टाचेत गेला. त्यांनी त्यावर रॉकेल ओतलं, फडकं बांधलं आणि बाजाराला गेल्या. दुखलं नाही, म्हणून बघितलं नाही. आम्हाला कळलं तेव्हा पाऊल काळं पडलं होतं आणि वास येत होता. मोठ्या इस्पितळात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढला.

आता काढलेला पाय काही कुणी उकिरड्यावर टाकत नाही. माणसाचं मांस आहे, त्याला घरची माती लागते. पुरुषाचा असता तर प्रश्नच नव्हता. बाईचं घर कुठलं? इस्पितळाच्या आवारात आगुटूकाका टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. ते म्हणाले, “लग्नात ज्याने तिच्यासाठी गुरं दिली त्याच्या घरी. ती गुरं आपण परत केली का? नाही. मग तिचं हाड त्याच्या मातीत जाणार.” ओग्वेनो म्हणाला, “काका, ती तिथून निघून आलीय.” काका म्हणाले, “ती आलीय. गुरं कुठे गेली? बापाच्या अंगणात लेकीचं हाड पुरलंस तर तुझी पोरं वाळत जातील. जा.” काकांपुढे आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बोलत नाही. मी वन्संच्या उशाशी होते. खिडकीतून दिसलं की ओग्वेनोने पांढऱ्या कापडातलं गाठोडं मोटारसायकलच्या मागे बांधलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी वन्सं नीट शुद्धीवर आल्या तेव्हा तो परतला होता. डोळे सुजलेले, नखांत माती. त्यांनी पहिलं विचारलं, “माझा पाय कुठाय?”

“पुरला, ताई.”

“कुठे?”

तो खाली बघत राहिला. दारातून काकांनी उत्तर दिलं, “तुझ्या नवऱ्याच्या घरी. जिथे जायला हवा तिथे.”

वन्सं रडल्या नाहीत. भावाकडे बघत म्हणाल्या, “ज्या पायाने मी तिथून निघाले, तोच पाय तू तिथे नेऊन ठेवलास.” बस. त्या दिवसापासून त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. काय सांगायचं ते माझ्यामार्फत. “न्यासेमे, तुझ्या नवऱ्याला सांग, झोपडीचं छप्पर गळतंय.” तो समोर उभा असायचा हो, हात लावता येईल इतका जवळ. मी त्याच्याकडे वळून म्हणायचे, “छप्पर गळतंय.” तो म्हणायचा, “सांग तिला, उद्या बघतो.” मी एकदा वैतागून म्हटलं, “मी काय तुमच्या दोघांमधला नावाडी आहे?” दोघंही हसली नाहीत.

दुखणं घरी आल्यावर सुरू झालं. नसलेल्या पायाचं दुखणं. बोटं आत मुडपलीत, अंगठ्याचं नख तळव्यात रुततंय, टाचेवर कुणी उकळतं तेल सोडतंय. हात लावायला जावं तर खाली नुसती चटई. बाजारातून मध्येच उठून यायच्या, दाताखाली ओढणीचं टोक धरून पडून राहायच्या. मी गरम मिठाची पुरचुंडी शेकायला द्यायचे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी त्या खुंटावर इतकी आवळून बांधायच्या की वरची कातडी निळी व्हायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आणि कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. “त्यांनी आखूड खड्ड्यात कोंबलाय तो, न्यासेमे. बोटं दुमडून घातलाय. ओबिएरो त्यावरून रोज चालतो. तो पाय तिथून काढून आणा, दुखायचं थांबेल.” एवढंच एक मागणं होतं त्यांचं. पाय घरी आणा. पण पुरलेलं उकरणं म्हणजे जिवंत बाईचं थडगं उकरणं, आणि त्याला हो म्हणायचं ते काकांनी. काकांनी कधी हो म्हटलं नाही.

इस्पितळात नासिमियू नावाची सिस्टर होती, व्यायाम शिकवणारी. हातपाय गेलेली माणसं तिच्याकडे रांग लावून बसत. मोटारसायकलवरून पडलेले, साखरेचे, एक मगरीने ओढलेला कोळी. तिने वन्संना नीट समजावलं. “आई, पाय गेल्याचं तुमच्या मेंदूला अजून पटलेलं नाही. तो हाका मारतो, उत्तर येत नाही, म्हणून ओरडतो. त्याची समजूत घालावी लागते.” खुंटावर रोज आधी मऊ कापड, मग खरखरीत कापड फिरवायचं. निजताना एक बारीक गोळी. आणि आरसा. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा, धड पायाची बोटं मुडपायची, हळूहळू उघडायची, आणि आरशात दिसतो तोच गेलेला पाय समजून बघत राहायचं. मेंदू फसतो म्हणे, मूठ सोडतो.

वन्सं म्हणाल्या, “माझा पाय कुठे आहे ते मला ठाऊक आहे, सिस्टर. तो आरशात नाही.”

गोळ्या त्यांनी माझ्या कोंबड्यांना घातल्या. दोन दिवस कोंबड्या डुलत होत्या. ओग्वेनोने मात्र आरसा विकत आणला, त्याला खाली लाकडी पाय करून बसवले, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि माझ्या हाती दिला. मी नेऊन ठेवला. वन्संनी तो उलटा करून बघितला, काम कुणाचं ते ओळखलं आणि परत केला. “तुझ्या नवऱ्याला सांग, स्वतःचं तोंड बघ म्हणावं.” मग तो त्या आरशात दाढी करायला लागला. वर्षानुवर्षं तोच आरसा.

एक गोष्ट मात्र त्याने केली तेव्हा मला नवल वाटलं. इस्पितळातून वन्सं घरी आल्या त्या आठवड्यात त्याने त्यांच्यासाठी मासे वाळवायचा माच बांधला. कुंपणाच्या आत, आमच्या घराच्या उजव्या अंगाला. जमिनीवर वाकायला नको, बसल्या बसल्या हात पोचावा, असा उंच. मी म्हटलं, “अहो, माशांचा वास थेट माझ्या दारात?” तो म्हणाला, “असू दे. सावली आहे तिथे.” मासे वाळवायला सावली कशाला हवी, असं मी म्हणाले, पण त्याने ऐकलं नाही. त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं, त्याच्या म्वुलेच्या लाकडाच्या दोन चांगल्या फळ्या कमी झाल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, भिजून वाकल्या. लाकूड भिजू देणारा माणूस तो नव्हे. पण मला तेव्हा वन्संच्या जखमेचं बघायचं होतं, मी सोडून दिलं.

त्याने सांगायचा प्रयत्न केला होता. माझ्या देखत दोनदा. एकदा वन्सं कुबडी घसरून पडल्या, त्याने उचलून आणल्या, खाली ठेवता ठेवता म्हणाला, “ताई, ऐक ना. तुझा पाय...” त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि चर्चमधलं गाणं म्हणायला सुरुवात केली, वरच्या पट्टीत, सगळी कडवी. तो उभा राहून गाणं संपायची वाट बघत होता. संपल्यावर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा तो कुंपणातल्या वाटेत उभा होता. “ताई, तू समजतेस तसं नाहीये ते.” वन्सं मला म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या पायाचं नाव त्याने तोंडातून काढलं तर मी ही झोपडी सोडून बाजारात झोपेन.” त्यानंतर तो गप्पच झाला. काकांचं भय होतंच. पोरं वाळतील हे शब्द त्याच्या मनात घर करून होते. आमचा धाकटा तापला की ओग्वेनो रात्रभर बसून असायचा, मला वाटायचं केवढी ही माया.

मग त्याच्या छातीत पाणी झालं. मोठ्या पावसाच्या आधी तो पडला तो उठलाच नाही. शेवटी शेवटी मला म्हणाला, “मला माचाजवळ पुरा. माचाखालीच खणा.”

“माच मोडावा लागेल. वन्सं ओरडतील.”

“ओरडू दे,” तो म्हणाला. “एकदाची माझ्यावर ओरडू दे.”

वन्सं रोज त्याच्या खाटेशी येऊन बसत होत्या. पाणी पाजत, पाठ चोळत. बोलत नव्हत्या. त्याची नजर त्यांच्यावरून हलत नसे. मला आता वाटतं, एक शब्द, एक “का रे” जरी त्या म्हणाल्या असत्या तरी त्याने सगळं ओकून टाकलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. पहाटे तो गेला, तेव्हाही त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता आणि तोंड बंद होतं.

मातीला गाव लोटलं. पलीकडून ओबिएरोची दुसरी बायको यूनियासुद्धा चार बायका घेऊन आली. ओबिएरो म्हातारा, तो आला नाही. सकाळी उजाडताच काठावरची माणसं माच मोडून खणायला लागली. कमरेइतकं खणलं आणि फावडं लाकडावर वाजलं. माणसं झटकन वर आली. कुणाच्या अंगणात लपवून पुरलेली वस्तू म्हणजे करणीच, दुसरं काय? काका काठी टेकत आले, म्हणाले, “थांबा. हात लावू नका कुणी.”

मी बघितलं आणि ओळखलं. लहानशी पेटी. म्वुलेची. होडीला मारतात तसे खिळे, डोकी आत बसवलेली, आणि फटीफटीत कापूस ठोकून वर डांबर. पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी. मी म्हटलं, “काका, करणी नाही ही. हे माझ्या नवऱ्याचं काम आहे. उघडा.”

उघडली. आत पांढऱ्या कापडाचे पिवळे पडलेले तुकडे आणि पायाची हाडं.

मग बायकांतून यूनिया पुढे आली, अगदी साधेपणाने, आठवत असलेलं सांगावं तसं बोलली. “म्हणजे त्याने इथे आणला होय? आमच्या फाटकाशी घेऊन आला होता ना तो. धनी स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, बाई गेली ती पुरती गेली, मी तुकडे घेत नाही. मी याला पाणी दिलं. ते प्यायला आणि म्हणाला, बरं झालं, हिला घरी नेतो. मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक असेल.”

वन्सं कुंपणातल्या वाटेतून येत होत्या. कुबड्यांवर, घाई करत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खड्ड्याच्या काठाशी त्या खाली बसल्या, पेटी जवळ ओढायला लावली आणि किती तरी वेळ आत बघत राहिल्या. मग त्यांनी हात घालून पेटीच्या टोकाला वीतभर मोकळी जागा होती ती चाचपली.

“बोटं सरळ आहेत,” त्या म्हणाल्या. “बघ न्यासेमे. बोटांना जागा सोडलीय त्याने.”

खरंच होती. बारीक हाडं एका ओळीत, कुठे दुमडलेली नाहीत. ज्या बोटांसाठी त्यांनी इतकी वर्षं ओबिएरोला शिव्या घातल्या ती त्यांच्याच भावाने त्यांच्या बसायच्या जागेखाली सरळ करून ठेवली होती. त्या रोज त्यांच्यावर बसून मासे पसरत होत्या. मी मनात नवऱ्याला म्हटलं, अरे माणसा, एका अंथरुणात निजलो आपण, मला तरी सांगायचंस. राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. अजूनही तसंच होतं.

काका म्हणाले, “हे इथून हलवायला हवं. लेकीचं हाड...”

“काका,” वन्सं म्हणाल्या, “तुमच्यापुढे तो दुसऱ्यांदा बोलला नाही, म्हणून माझ्याशी त्याला बोलता आलं नाही. आता तुम्ही गप्प बसा. त्याची पोरं बघा, ती उभी आहेत तुमच्यासमोर, वाळलीत का? खड्डा रुंद करा रे. पेटी त्याच्या पायाशी ठेवा.”

काका बसले. पेटी खाली गेली, वर ओग्वेनो गेला, माती पडायला लागली. बायकांनी गाणं धरलं, तेच गाणं, जे वन्संनी कानांवर हात ठेवून म्हटलं होतं. आणि त्या गाण्यातच त्यांनी माझं मनगट धरलं. कळ आली होती, नेहमीसारखीच. अंगठा मुडपलेला, टाचेत तेल. पाय घरी होता, बोटं सरळ होती, आणि तरी दुखत होतं. खाडीकडे तोंड वळवलं त्यांनी सवयीने, ओठ उघडले आणि मिटले.

“आता मी कुणाला शिव्या देऊ, न्यासेमे?” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या खुंटावर हात ठेवून बसून राहिले.

पाऊस संपल्यावर एक दिवस त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “त्याचा दाढीचा आरसा दे.” मी दिला. काचेवर साबणाचे वाळलेले शिंतोडे होते, ते त्यांनी पुसू दिले नाहीत. मग आम्ही दोघी नासिमियू सिस्टरकडे गेलो. तिने पहिल्यापासून सगळं शिकवलं, मागचं काही काढलं नाही, भली बाई. आता निजताना त्या गोळी घेतात, कोंबड्यांना देत नाहीत. सायकलची ट्यूब सुटली. मऊ कापड, खरखरीत कापड रोज चालू असतं. दुखणं गेलेलं नाही. थंड वारा सुटला की अजून दाताखाली ओढणी जाते. पण बाजारातून मध्येच उठून यायची वेळ आता क्वचित येते. सिस्टर म्हणाली, हे आधीच केलं असतं तर एवढी वर्षं सोसावं लागलं नसतं. वन्सं म्हणाल्या, “आधी मला पाय कुठे आहे तेच ठाऊक नव्हतं ना.” सिस्टरला ते कळलं नाही.

संध्याकाळी त्या ओग्वेनोच्या मातीशेजारी बसतात. दोन पायांमध्ये त्याने बनवलेला आरसा उभा. उजव्या पायाची बोटं मुडपतात, उघडतात, काचेत बघत राहतात. आणि बोलतात. ओबिएरोशी नाही, भावाशी. आज ओमेना कसा गेला, छप्पर कुठे गळतंय, टाचेत किती दुखलं, सगळं. तो जिवंत असताना जेवढं गिळलं तेवढं सगळं. मी चुलीशी बसून ऐकते. कधी कधी वाटतं, उठून सांगावं, वन्सं, आता नका बोलू, मला ऐकवत नाही. पण मी तसं म्हणत नाही.

परवा काचेतून नजर न काढता त्यांनी मला हाक मारली.

“न्यासेमे, तुझ्या नवऱ्याला सांग, आज अंगठा उघडला.”

मी हात पुसले, मातीजवळ गेले आणि त्याला सांगितलं.